देलीनाचा बर्फ

"त्या चिलीवाल्यांच्या दुर्बिणीला मोतीबिंदू झाला आसंल," आंटी त्रीन म्हणाली आणि तापलेली सळई तिनं मेंढीच्या खुरावर टेकवली. चर्र झालं. जळक्या केसांचा वास स्वयंपाकघरभर पसरला.

"मा, त्यांची दुर्बीण आपल्यापरास लई मोठी हाय," देलीना म्हणाली. ती समोर बसून बोथट सुरीनं खुरं खरवडत होती.

"डोळं मोठं आसलं म्हंजी दिसतंच आसं कुटं हाय? तुझ्या बापाचं डोळं केवढं हुतं. मेंढरू दारात हुबं आन् ह्यो वढ्यात हुडकतुया."

मी उंबऱ्यावर बसलो होतो. खुरं आणि वजडी मीच आणून दिली होती, त्यामुळं चहा निघेपर्यंत हलायचं कारण नव्हतं.

"आदाम, तू सांग," आंटी माझ्याकडं वळली. "रोज डोंगरावर गाडी घिऊन जातूस. आमच्या देलीनानं बर्फ बघितला का न्हाई?"

"मला काय कळतंय आंटी. म्या गाडी चालवतो."

"ती बी धड कुटं चालवतूस. परवा पाद्र्याची कोंबडी चिरडलीस."

क्लिपवालच्या डोंगरावर दुर्बिणी आहेत. गावातली निम्मी माणसं तिथं झाडायला, रांधायला, विजेच्या तारा ओढायला जातात, आणि उरलेली मेंढरांमागं. देलीना क्लासे मात्र तिथं बर्फ बघायला जाते. पृथ्वीवरचा नव्हे. शनीच्या पल्याड, जिथं ऊन पोचतं ते नुसतं नावाला, तिथल्या धोंड्यांवरचा.

तिचा बाप दुसऱ्याची मेंढरं राखायचा. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या या कारूच्या माळावर हिवाळा असा की रात्रीत हौदाचं पाणी घट्ट होऊन बसतं. सकाळी मेंढरं यायच्या आत तो बर्फ फोडायचं काम देलीनाचं. अनवाणी जायची. त्यातच उजव्या पायाची दोन बोटं गारठून गेली ती गेलीच. आहेत जागेवर, पण त्यांना काही कळत नाही. शाळेत पोरं जमवून ती त्या बोटांत टाचणी खुपसून दाखवायची. तोंडावर काही नाही. पोरी किंचाळायच्या, ती टाचणी पुसून परत फ्रॉकला लावायची.

पुढं शिकत शिकत केपटाऊनला गेली, तिथनं फ्रान्सात. तिथं एका प्रयोगशाळेत पोलादी डब्यात नायट्रोजन न् मिथेन गोठवायचे आणि त्यांच्यावर उजेड टाकून काय परत येतं ते बघायचं, असं तिनं कैक वर्षं केलं. सुट्टीला आली की गावातले म्हातारे विचारायचे, "पोरी, तिकडं करतीस तरी काय?"

"बर्फ तयार करते."

"मंग हितं काय कमी हुता?"

देलीना हसायची नाही आणि रागवायचीही नाही. "ह्यो निराळा," एवढंच म्हणायची.

परत आली ती क्लिपवालच्या डोंगरावरच. धोंड्याचा उजेड दुर्बिणीत घ्यायचा, तो चिरून त्याची एक लांब रेघ काढायची. धोंड्यावर जे काही पसरलेलं असेल ते उजेडातला आपला वाटा खातं, आणि तिथं रेघेला खळगा पडतो. बर्फाचा खळगा कुठं पडायचा ती जागा ठरलेली असते. सगळी विद्या त्या खळग्यात.

मागल्या हिवाळ्यात तिच्या एका धोंड्याच्या रेघेत असा खळगा दिसला. तो धोंडा असा की ऊन आणि काळ खाऊन खाऊन लालकाळा पडलेला. त्याच्यावर बर्फ दिसायला नको. दिसला म्हणजे धोंडा नुकता कुठं तरी तडकला आणि आतलं वर आलं. खळगा कधी उथळ, कधी खोल. देलीनानं त्याचा अर्थ लावला की धोंडा फिरतोय, आणि एका अंगाला बर्फ जास्त आहे. तिचा शोधनिबंध छापला गेला. देशोदेशीच्या लोकांनी तिला विचारायला सुरुवात केली. दुर्बिणीच्या संचालक डॉ. मोलेफे, त्या केपटाऊनला बसतात, त्यांनी तिला कायमची जागा द्यायचं ठरवलं.

आमच्या देवळात, म्हणजे चर्चमधे, रविवारी प्रार्थनेनंतर ज्याला देवाचे आभार मानायचे त्यानं उभं राहून मोठ्यानं मानायचे असतात. कुणाची गाय व्याली, कुणाचा पोरगा तुरुंगातनं सुटला. आंटी त्रीन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या लेकीला शनीच्या पल्याड बर्फ घावला. देवा, तुझं आभार." सगळं देऊळ आमेन म्हणालं. तेव्हापासून तो धोंडा गावाचा झाला. दारूच्या दुकानातही लोक विचारायचे, देलीनाचा बर्फ कसा काय हाय.

मग महिन्यापूर्वी चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीनं तोच धोंडा सगळ्या अंगांनी बघितला. बर्फ नाही. कुठंच नाही.

देलीनानं सगळं पहिल्यापासून तपासलं. तिचं यंत्र जुनं. त्याच्या पोटात भयंकर थंडी ठेवावी लागते, आणि उजेड आत घेणारी एक छोटी काच असते. पोटातली हवा एक पंप सारखा उपसत असतो. तो थांबला तर कुठनं तरी ओल शिरणार आणि त्या गार काचेवर जाऊन बसणार. पण पंप थांबायचं काही कारण नाही. भारनियमनात डोंगरावर जनरेटर लागतो, आणि पंपाची पिन लाल बोर्डात असते. लाल बोर्ड जनरेटरवर. पांढरे बोर्ड मरतात, लाल मरत नाहीत.

"म्हणजे जनरेटरच बंद पडला असेल, दुसरं काही होऊ शकत नाही," असं देलीनानं डॉ. मोलेफेंना लिहून कळवलं. जनरेटर ऊम अपोलिस बघतो. आम्ही सगळे त्याला ऊम म्हणतो, काका म्हणावं तसं. पुढल्या वर्षी त्याची पेन्शन सुरू व्हायची होती. येत्या बुधवारी त्याची चौकशी ठेवली होती, आणि चौकशी म्हणजे घरी पाठवायचं हे त्याला धरून सगळ्यांना ठाऊक होतं. तो एकच वाक्य बोलत होता, "माझं मशीन एकदा बी चुकलं न्हाई." सकाळी, दुपारी, कुणी विचारो न विचारो.

तर त्या शनिवारी सकाळी, खुरं भाजता भाजता, आंटीच्या स्वयंपाकघरात वीज गेली. किटली सूं करत होती ती गप्प झाली.

"गेली भवानी," आंटी म्हणाली. "आता दोन तास बसा बोंबलत. आदाम, तुझ्या नशिबी च्या न्हाई."

"चुलीवर ठिवा की."

"सळई तापतीया तिथं. तू दूध पी, वासरा." ती हसली, आणि सळई फिरवत म्हणाली, "डोंगरावर काम करत हुते तवा बरं हुतं. वीज जाऊ दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. त्या लाल बोर्डाला कदी मरान न्हाई. म्हून तर तुझा हीटर म्या त्यात लावला हुता."

देलीना खरवडत होती. "कुठला हीटर?"

"मागल्या हिवाळ्यात न्हवता का दिला तुला, पायाखाली ठिवायला? तुझी ती मेलेली बोटं. पांढऱ्या बोर्डात हुता तर वीज गेली की तू कुडकुडत बसायचीस. म्या झाडायला आले तवा बघितलं, आन् लाल बोर्डात लावून टाकला."

देलीनाची सुरी थांबली नाही. तिनं ते खूर पुरं केलं, पाण्याच्या बादलीत टाकलं. मग विचारलं, "लाल बोर्डात आदी काय हुतं, मा?"

"हुती एक काळी वायर. ती काय फेकली न्हाई म्या. नीट पांढऱ्या बोर्डात लावली. बारका दिवा बी लागला तिचा." आंटीनं सळई पुन्हा निखाऱ्यात घातली. "आन् हिवाळा सरल्यावर काम सोडलं तवा हीटर घरी आणला आन् काळी वायर परत लाल बोर्डात. जिथलं तिथं. मला कुणाचं उलटसुलट ठिवलेलं खपत न्हाई."

मला काही कळलं नव्हतं. देलीना उठली, हात धुतले, फडक्याला पुसले.

"आदाम, गाडी हाय का?"

"हाय की."

"वीज यायच्या आत वर जायाचं हाय."

"आगं, खुरं कोण करणार?" आंटी ओरडली. "एवढ्या चांगल्या वजडीला सोडून डोंगरावर काय मेलंय?"

"येते, मा."

वाटेत मी कोंबडीचा विषय काढून बघितला. पाद्री भरपाई म्हणून काय काय मागतोय ते सांगितलं. ती म्हणाली, "दे मंग." एवढंच.

वर यंत्राच्या खोलीत ती तशीच शिरली. जनरेटरची घरघर चालू होती. ऊम अपोलिस त्याच्या शेडच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं.

देलीनाचं टेबल यंत्राला लागूनच. टेबलाखाली वाकून तिनं काळी पिन लाल बोर्डातनं काढली आणि शेजारच्या पांढऱ्या बोर्डात घातली. पंपाचा आवाज थांबला. तेवढा एक आवाज गेला, बाकीचे सगळे तसेच. घुमटाची मोटर, पंखे, जनरेटर. मी इतकी वर्षं त्या खोलीत सामान आणून टाकतोय, मुद्दाम ऐकलं नसतं तर मलाही कळलं नसतं. आणि हिवाळ्यात तर ही बाई कानावर लोकरीची टोपी ओढून बसते.

तिनं यंत्राच्या तोंडासमोर एक साधा दिवा ठेवला. पडद्यावर रेघ उमटली. जवळजवळ सरळ, मधे जराशी फुगलेली.

"ही दिव्याची," ती म्हणाली.

मग आम्ही बसलो. मी माझ्या डब्यातली भाकरी काढली. निखाऱ्यावर भाजलेली जाड रोटी, आत मेंढीची चरबी. अर्धी तिला दिली. तिनं खाल्ली. चव लागली असं काही दिसलं नाही. मधनं मधनं ती कळ दाबायची आणि नवी रेघ जुनीवर येऊन बसायची.

बराच वेळ काही नाही. मग एका जागी रेघ जरा दबली. पुढच्या वेळी आणखी. तिथं सुरकुती पडली, मग खोबण झाली, मग चांगला खळगा. धोंड्याचा निबंध गावात वाटला होता तेव्हा त्यातलं चित्र मीही बघितलं होतं. आंटीच्या घरात भिंतीला लावलंय ते. हाच.

"आदाम, दिव्यावर बर्फ आसतो का रं?"

"न्हाई."

"मंग." ती पडद्याकडं बघत होती. "सांजेला आदी एका ताऱ्याची रेघ घ्यायची आन् ती धोंड्याच्या रेघेतनं वजा करायची. तारा जळत आसतो, त्याच्यावर बर्फ न्हाई. उरंल ते धोंड्याचं. पण ताऱ्याच्या वक्ताला काचंवर त्या रातीचा बर्फ बसलेला नसायचा. मंग वीज जायाची. पंप बंद. त्यानंतर धोंडा. जास्त येळ वीज गेली की जास्त बर्फ. म्या म्हनलं धोंडा फिरतोय."

मी म्हणालो, "फिरत आसंल बी."

"फिरतोय त्यो. ते खरं हाय."

तेवढ्यात वीज आली. पांढऱ्या बोर्डाचा दिवा लागला आणि पंप आपोआप फुर्र करून सुरू झाला. कुणी हात लावला नाही, कुणाला हाक मारली नाही. अख्खा हिवाळा तो असाच थांबत आणि चालू होत राहिला होता.

देलीनानं पिन परत लाल बोर्डात लावली. मग फोन उचलून केपटाऊनला डॉ. मोलेफेंना लावला. मी बाहेर जायला उठलो, तिनं हातानं बस म्हणून खुणावलं. साहेब लोकांशी ती निराळी बोलते. पाठ ताठ, शब्द धुवून काढल्यासारखे.

"मॅडम, बर्फ काचेवरचा होता. आत्ता दिव्यावर करून बघितलं." मग सगळं सांगितलं. पलीकडनं डॉ. मोलेफेंचा आवाज मलाही ऐकू आला, शांत, समजुतीचा. त्या म्हणाल्या, निबंध मागे घ्यायलाच हवा, पण वीजपुरवठ्यातला दोष एवढं लिहिलं तरी पुरे. हीटर कशाला मधे आणायचा. अपोलिसची चौकशी तशीही ठरलेलीच आहे, आणि तो पुढच्या वर्षी जाणारच.

"वीजपुरवठ्यात दोष नव्हता, मॅडम. लाल बोर्डात माझा हीटर होता."

"तिथं कोणी लावला?"

देलीना टेबलाखालच्या बोर्डाकडं बघत होती. "माझ्या पायाखाली होता. पूर्ण हिवाळा मी तिथंच बसले होते. तार कुठं जाते ते बघणं माझं काम होतं. अपोलिसवर मीच बोट दाखवलं, ते मी लेखी मागे घेते."

मग कायमच्या जागेचं काही बोलणं झालं. त्या काय म्हणाल्या ते मला नीट कळलं नाही. देलीना "बरं" म्हणाली. थोड्या वेळानं परत "बरं." फोन ठेवला.

"काय म्हनल्या?"

"जागा आत्ता न्हाई. जूनपातूर ऱ्हा, मंग बघू."

"मंग बघू म्हंजी काय बघत न्हाईत."

"व्हय."

तिच्या तोंडावर काही नव्हतं. मला ती टाचणी आठवली. जाताना ती ऊम अपोलिसच्या शेडपाशी थांबली आणि जनरेटर चुकला नव्हता, बुधवारी यायची गरज नाही, चूक माझी होती, असं उभ्या उभ्या सांगून टाकलं. म्हातारा खुर्चीतनं उठला नाही.

"खोली सोडाया लागनार म्हून म्या ट्रंक भरली हुती," तो म्हणाला. "बायकोनं पडदं बी काढलं."

"परत लावा, ऊम."

"तिला सांगायचं धाडस तुझ्यात हाय का? माझ्यात न्हाई."

घरी आलो तेव्हा वजडी शिजायला लागली होती. देलीनानं आईला सगळं सांगितलं. लपवलं नाही, आणि मऊही केलं नाही. आंटी पळी हातात धरून ऐकत राहिली.

"म्हंजी बर्फ हुताच न्हाई?"

"हुता. आपल्याच काचंवर."

"आन् त्यो माझ्या हीटरपायी."

"पंपापायी. म्या बघाया पायजे हुतं."

आंटीनं पळी भांड्यात सोडली. "मंग माझं नाव सांग की. मला काय नोकरी हाय व्हय? काय करतील, माझा झाडू काढून घेत्याल? लेकीची जागा जाण्यापरास म्हातारीची अब्रू गेलेली बरी."

"तू झाडायला हुतीस, मा. यंत्र माझं हुतं."

"आगं पण पिन म्या काढली."

"मीठ बघ," देलीना म्हणाली. "जास्त झालंय वाटतं."

आंटीनं चाखलं. जास्त नव्हतं. तरी तिनं वर पाणी घातलं. मी दोन वाढी वजडी खाल्ली. भिंतीवरचं चित्र कुणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात आभाराची वेळ आली तेव्हा आंटी त्रीन उभी राहिली. आम्हाला वाटलं नातू झाला असेल कुणाला. तिनं हॅट सारखी केली.

"म्या मागं एका बर्फाचं आभार मानलं हुतं," ती म्हणाली. "ते परत घेते. त्यो बर्फ धोंड्यावर न्हवता. आमच्याच काचंवर बसला हुता. पंपाची पिन म्या काढून दुसरीकडं लावली, म्हून. माझी लेक नाव घ्यायला तयार न्हाई, म्हून म्या हितं घेते. अपोलिसचं मशीन चुकलं न्हाई."

पाद्र्यानं पुस्तकाची पानं उलटून बघितली. दिलेले आभार परत घ्यायची प्रार्थना पुस्तकात नसावी. मागल्या बाकावरनं कुणी तरी म्हणालं, "मंग आमचं आमेन बी परत द्या." थोडी माणसं हसली. ऊम अपोलिस हसला नाही. तो उठून उभा राहिला, हॅट छातीशी धरली, आणि म्हणाला, "माझं मशीन एकदा बी चुकलं न्हाई." मग बसला. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं.

देलीना समोर भिंतीकडं बघत बसली होती. आई खाली बसली तेव्हा तिनं बाकावर जरा सरकून जागा केली, एवढंच. बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरी हायस ना?"

"पाय गार पडल्यात," ती म्हणाली.

सोमवारी सकाळी मी तिला वर घेऊन गेलो. तिनं सोबत मेंढीचं कातडं घेतलं होतं, बापाचं, कडा कुरतडलेलं. ते खुर्चीखाली अंथरलं. मग यंत्राच्या पोटातली थंडी उतरवायला घेतली. ते गरम व्हायला वेळ लागतो. काच दिसायला लागली तेव्हा तिच्यावर पाण्याचं एक बारीक थेंबुकलं होतं, मुंगीच्या डोळ्याएवढं. तिनं मऊ कागदाच्या कोपऱ्यानं ते टिपून घेतलं आणि कागद कचऱ्यात टाकला.

"आदाम, त्या बोर्डावर काही तरी बांध. कुणी हात लावू नये आसं."

मी गाडीतली तार आणली आणि काळी पिन लाल बोर्डाशी करकचून आवळली. पंप सुरू होता. तिनं कानावरची टोपी वर सारली, दिवा यंत्राच्या तोंडासमोर ठेवला आणि कळ दाबली. रेघ सरळ आली. तिनं ती बाजूला ठेवली आणि पुढली घेतली.